कॅमेरा आपला, तर किल्लीही आपली

कपाटाच्या वरच्या फळीवर जुना डिजिटल कॅमेरा पडून असेल, तर तो यंदाच्या दिवाळीत भंगारवाल्याला देऊ नका. स्क्रीनवर रेघ आली असेल, बटण दाबताना जोर लागत असेल, बॅटरीच्या झाकणाला रबर लावावं लागत असेल, तरी देऊ नका. नागपूरच्या हिंगणा रस्त्यावर डिगडोह, नीलडोह, वानाडोंगरीपासून थेट हिंगणा गावापर्यंतच्या प्रत्येक घराला माझी ही विनंती आहे. याच रस्त्यावरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या पोरापोरींना मात्र विनंती नाही, तगादा आहे.

जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेचे आकडे पाहिले तर २०१० साली जगभरात बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. दहा वर्षांनी तोच आकडा एक कोटीच्याही खाली आला होता. मधल्या काळात मोबाइल आला आणि बर्डीच्या बाजारातून हौसेने आणलेले, पहिल्या पगारातून घेतलेले, बहिणीच्या लग्नासाठी म्हणून मुद्दाम विकत आणलेले ते छोटे कॅमेरे ड्रॉवरमध्ये गेले. आज दुरुस्तीला न्या. काउंटरवरचा माणूस हातात न घेताच सांगतो, "याचा पार्ट नाही येत आता, भाऊ. नवीन घेऊन टाका." त्याचंही चूक नाही, पार्ट खरंच येत नाही. पण त्या डबीत काचेची उत्तम लेन्स आहे, सेन्सर आहे, दोन-तीन इवल्या मोटरी आहेत आणि एक अख्खा संगणक आहे. त्या संगणकाने काय करायचं आणि काय नाही, हे त्याच्या चिपमध्ये कोरलेला प्रोग्राम ठरवतो. त्याला म्हणतात फर्मवेअर. तो प्रोग्राम कंपनीचा, त्याची किल्ली कंपनीकडे. विहीर आपल्या वावरात आणि दोर सावकाराच्या ओसरीवर, असा हा व्यवहार आहे, आणि पैसे मोजून आपण तो वर्षानुवर्षं मुकाट्याने मान्य करत आलो.

या व्यवहारात काय काय दडलेलं असतं याचं एक जुनं उदाहरण सांगतो. कॅननने २००३ मध्ये ३००डी नावाचा डिजिटल एसएलआर काढला, हजार डॉलरच्या आतला. त्याचा थोरला भाऊ १०डी, बराच महाग. स्वस्त कॅमेऱ्यात आरसा आधी उचलून ठेवायची सोय नव्हती, फ्लॅशचा जोर कमी-जास्त करता येत नव्हता, आयएसओ ३२०० नव्हता. लोकांना वाटलं, स्वस्त आहे, नसेल. मग 'वासिया' या टोपणनावाच्या एका रशियन प्रोग्रामरने फर्मवेअर उघडून पाहिलं, तर यातल्या बऱ्याच सोयी आत होत्याच. फक्त बंद केलेल्या होत्या. त्याने त्या चालू करून दिल्या. म्हणजे गिऱ्हाइकाने विकत घेतलेल्या वस्तूतलंच काम गिऱ्हाइकापासून लपवून ठेवलं होतं, कशासाठी, तर महागडं मॉडेल विकलं जावं म्हणून.

दुसरं उदाहरण तर गमतीचं आहे. कितीतरी कॅमेऱ्यांत व्हिडिओ २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप बंद पडायचा. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या आपल्याकडच्या फोटोग्राफरांनी त्यासाठी किती शिव्या खाल्ल्या असतील. मंगलाष्टकं सुरू आणि कॅमेरा गप्प! पुष्कळांची समजूत अशी की कॅमेरा गरम होतो म्हणून. काही मॉडेलांत गरम होतही असेल, पण मर्यादेचं मुख्य कारण युरोपच्या जकातीत होतं. सलग तीस मिनिटं चित्रीकरण करणारं यंत्र तिथे 'व्हिडिओ कॅमेरा' ठरायचं आणि त्यावर जास्त कर बसायचा. ब्रुसेल्समधल्या कराच्या तक्त्यामुळे रायपूर-हिंगण्याच्या मंगल कार्यालयातला कॅमेरा थांबायचा, आणि तो थांबवणारी ओळ होती फर्मवेअरमध्ये.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येतो. २००६-०७ च्या सुमारास काही जणांनी, त्यात पूर्व युरोपातले हौशी प्रोग्रामर पुढे होते, कॅननच्या छोट्या पॉवरशॉट कॅमेऱ्यांचं फर्मवेअर वाचायचं मनावर घेतलं. अडचण अशी की कॅमेऱ्याच्या आतला प्रोग्राम बाहेर काढायचा कसा? कंपनी देत नाही, तारेने कॉपी करता येत नाही. कॅमेऱ्याकडे बाहेरच्या जगाला काही सांगायला होता फक्त एक इवलासा दिवा. मग त्यांनी काय केलं, तर एक छोटा प्रोग्राम कॅमेऱ्यात चालवला. तो मेमरीतला एकेक बिट वाचायचा आणि त्याप्रमाणे दिवा लुकलुकवायचा. दिव्यासमोर फोटोट्रान्झिस्टर धरला, त्याच्या दोन तारा संगणकाच्या माइकच्या भोकात खुपसल्या आणि ते लुकलुकणं आवाज म्हणून रेकॉर्ड केलं. तासन्‌तास. नंतर त्या आवाजातून पुन्हा शून्य आणि एक वेगळे काढले, आणि कॅमेऱ्याचं अख्खं फर्मवेअर टेबलावर आलं. फोटोट्रान्झिस्टरला किती पैसे पडतात हे इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. चहाच्या खर्चात बसतो.

त्यातून जे उभं राहिलं त्याचं नाव 'कॅनन हॅक डेव्हलपमेंट किट', सगळे सीएचडीके म्हणतात. नावातल्या 'हॅक'ने बिचकू नका. कंपनीच्या फर्मवेअरला ते हातही लावत नाही. मेमरी कार्डावर 'डिस्कबूट' नावाची फाइल ठेवायची, कार्ड विशिष्ट पद्धतीने तयार करायचं आणि कार्डाच्या कडेला जी बारीक सरकपट्टी असते ती 'लॉक'कडे सरकवायची. सुरू होताना कॅमेरा बघतो, कार्डाला कुलूप आहे आणि त्यावर ती फाइल आहे, की तो ती चालवतो. आपला प्रोग्राम मूळ प्रोग्रामच्या शेजारी जाऊन बसतो. कार्ड काढलं, कॅमेरा पुन्हा सुरू केला, की सगळं पूर्ववत. माझ्याकडच्या दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या पॉवरशॉट ए४८० वर हे लावलं तेव्हा पहिल्यांदा स्क्रीनवर बॅटरी किती टक्के उरली ते दिसलं. ए४८० हा २००९ सालचा, कंपनीच्या दृष्टीने अगदी शेवटच्या बाकावरचा कॅमेरा. तोवर त्याला विचारायची सोय नव्हती, सेल संपले की तो निमूट मरायचा.

बॅटरीचे टक्के ही किरकोळ गोष्ट. कंपनीने फक्त जेपीजी देणाऱ्या या कॅमेऱ्यांत सेन्सरचा कच्चा फोटो साठवता येऊ लागला. दर दहा सेकंदांना, दर तासाला, आपोआप फोटो काढता येऊ लागला. लुआ भाषेत चार ओळी लिहून कॅमेऱ्याला स्वतःचं काम शिकवता येऊ लागलं. चित्रात हालचाल झाली की शटर दाबायचं, हेही तो शिकला, आणि त्यातून लोकांनी विजेचे फोटो काढले. आपल्याकडे मृगाच्या आधी पश्चिमेकडून ढग चढतात आणि तासभर जो कडकडाट चालतो तो काय सांगावा. हातात कॅमेरा धरून वीज पकडायला गेलं की ती नेहमी बोट दाबायच्या आधी पडून गेलेली असते. यंत्राला ते जमतं. (शेतात रानडुकरं कधी येतात ते याने कळेल का, असं मला एका काकांनी विचारलं होतं. नाही कळणार. काळोखात या कॅमेऱ्यांना काही दिसत नाही, आणि फ्लॅश उडाला की डुकरं पुढच्या वावरात. खोटी आशा लावण्यात अर्थ नाही.)

युएसबीच्या भोकात तीन ते पाच व्होल्ट दिले की शटर पडतं, ही आणखी एक सोय. तिने फार मोठं काम झालं. अमेरिकेत डॅनियल रीट्झ नावाच्या माणसाने २००९ मध्ये भंगारातल्या वस्तू आणि दोन स्वस्त कॅमेरे वापरून पुस्तकं स्कॅन करायची चौकट बनवली आणि कशी बनवायची ते सगळ्यांना सांगून टाकलं. पुस्तक इंग्रजी व्हीसारखं अर्धवट उघडं ठेवायचं, वर काच टेकवायची, डावं पान एका कॅमेऱ्याकडे, उजवं दुसऱ्याकडे. पुढे अशा चौकटी बनवणाऱ्यांनी सीएचडीके सर्रास वापरलं, कारण एका बटणावर दोन्ही कॅमेरे एकदम चालवायचे तर आत शिरायला वाट लागतेच. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्या तालुक्यातल्या गावोगावच्या वाचनालयांत, शाळांच्या कपाटांत, ग्रामपंचायतींच्या पेट्यांत जे कागद आहेत त्यांना लागायला वाळवी आमंत्रणाची वाट पाहत नाही. स्कॅनर घ्यायला अनुदान कधी येईल ते येवो. कॅमेरे घरात पडलेत.

साध्या कॅमेऱ्यांचं असंच आणखी एक काम. मेक्सिकोच्या आखातात २०१० मध्ये तेलगळती झाली, तेव्हा तिथल्या लोकांनी साधे डिजिटल कॅमेरे फुग्यांना आणि पतंगांना बांधून किनाऱ्याचे नकाशे स्वतः तयार केले. पतंग कसा उडवायचा हे नागपूरच्या पोरांना शिकवायची गरज नाही. फक्त सोनेगावचं विमानतळ इथून लांब नाही, तेव्हा वेणा नदीच्या पात्राचा फोटो काढायचा तर परवानगी कुठे लागते ते आधी विचारा, आणि नायलॉन मांज्याला हात लावू नका.

असं वाटेल की कंपन्यांना हे उघडेपण मुळातच सोसत नाही. तसंही नाही. कोडॅकने १९९८ मध्ये डीसी२२० आणि डीसी२६० हे कॅमेरे काढले ते 'डिजिटा' नावाच्या प्रणालीवर. त्यावर वापरणाऱ्याने स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्ट चालायच्या. लोकांनी त्या कॅमेऱ्यावर चक्क 'डूम' हा व्हिडिओ गेम खेळून दाखवला. कोडॅकचं पुढे दिवाळं वाजलं, पण ते कॅमेरा उघडा ठेवल्यामुळे झालं असं कोणी म्हणणार नाही. राउटरची गोष्ट याहून बोलकी. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या घरगुती राउटरमध्ये लिनक्स वापरलंय हे २००३ मध्ये उघडकीला आलं. लिनक्सचा परवाना सांगतो की प्रोग्राम वाटला तर त्याचा कोडही द्यावा लागेल. दबाव वाढला, कंपनीने कोड दिला, आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी जन्माला आलं. ते आजही चालू आहे, शेकडो जातींच्या राउटरवर. निळ्या रंगाचा तो राउटर कंपनीने बरीच वर्षं विकला, आणि त्यावर आपलं फर्मवेअर चढवता येतं म्हणूनच घेणारे पुष्कळ होते.

मग 'वाचवा' म्हणून ओरडायचं कारण काय? कारण ही वाट बुजत चालली आहे. नव्या यंत्रांची चिप सुरू होतानाच प्रोग्रामवरची कंपनीची डिजिटल सही तपासते. सही नसेल तर पुढे पाऊल नाही. दिव्याच्या लुकलुकण्यातून गुपित कळलं तरी ते वापरता येत नाही. शिवाय पुष्कळ वस्तूंचा जीव आता वस्तूत नसतोच. वायफायवर चालणारा घरातला सुरक्षा कॅमेरा घ्या. चित्र जातं कंपनीच्या सर्व्हरवर, तिथून तुमच्या मोबाइलवर. एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या किराणा दुकानदाराने असे चार घेतले होते. दोन वर्षांत ॲप बंद झालं. कॅमेरे चांगले, लेन्स चांगली, वीज पोचते, लाल दिवा लागतो आणि चित्र कुठेच दिसत नाही. कस्टमर केअरने सांगितलं, नवीन मॉडेल घ्या. चारही कॅमेरे अजून छताला लटकलेले आहेत. तो म्हणतो, "राहू द्या ना, चोराला थोडीच माहीत आहे." अशा आयपी कॅमेऱ्यांसाठी ओपनआयपीसी, थिंगिनो असे मुक्त फर्मवेअर प्रकल्प जगात चालू आहेत. नशिबाने आतली चिप त्यांच्या यादीत असली तर तोच कॅमेरा घरातल्या घरात, कुणाच्याही सर्व्हरविना चालू शकतो.

सुरक्षेसाठी कुलूप लागतं, हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकलाय, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण २०१६ सालचं 'मिराई' नावाचं मालवेअर आठवा. लाखो सीसीटीव्ही कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर एका टोळीच्या ताब्यात गेले आणि २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पडल्या. ते फर्मवेअर बंदिस्तच होतं. त्यात कारखान्यातून आलेला एकच पासवर्ड हजारो यंत्रांना होता, आणि पुष्कळांत तो मालकाला बदलता येत नव्हता. चोराला दार माहीत, मालकाला नाही. आपलं सरकारही यातून काहीतरी शिकलं असावं. ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं हार्डवेअर, सॉफ्टवेअर आणि सोर्स कोड सरकारी मान्यतेच्या प्रयोगशाळेत तपासणीला द्यावा लागतो. चांगलं आहे. सरकारला आत बघावंसं वाटतं, मग ज्याने पैसे मोजले त्याने का बघू नये?

आणि इथे मला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं आहे, कारण पोरं घाबरतात ती इथेच. "सर, हे बेकायदेशीर नाही ना?" मी वकील नाही, पण कायद्याचं पुस्तक कुणालाही वाचता येतं. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा काढा, कलम ५२ पाहा. कायदेशीररीत्या आपल्याकडे असलेल्या प्रोग्रामचं कामकाज न्याहाळणं, अभ्यासणं, तपासणं. आपण लिहिलेला प्रोग्राम त्याच्याशी जुळावा म्हणून लागणारी आणि इतर मार्गाने सहज न मिळणारी माहिती काढणं. स्वतःच्या बिनव्यापारी वापरासाठी त्यात बदल करणं. या गोष्टी तिथे कॉपीराइटचा भंग मानलेल्या नाहीत. २०१२ मध्ये कुलपं तोडण्याबद्दल ६५ए हे कलम आलं, तेही हक्कभंगाच्या इराद्याने कुलूप तोडणाऱ्यासाठी आहे. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडणंच मुळात गुन्हा केलं आणि आता तिथल्या लोकांना दर तीन वर्षांनी सूट मागत बसावं लागतं. आपल्याला ती वेळ आलेली नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल काढलं, शेतीची अवजारंही त्यात घेतली. २०२५ मध्ये यंत्र दुरुस्त करायला किती सोपं आहे याचा निर्देशांक कसा असावा यावर अहवालही आला. त्यात सुटे भाग आहेत, हत्यारं आहेत, स्क्रू आहेत, सॉफ्टवेअर अपडेट आहेत. कंपनीने अपडेट देणं बंद केल्यावर मालकाला स्वतःचा प्रोग्राम घालता यावा, हा मुद्दा मात्र त्यात यायला हवा. तो आपण मांडला नाही तर कोण मांडणार?

शेतीच्या अवजारांचा उल्लेख उगाच केला नाही. इथे एमआयडीसीत महिंद्राचे ट्रॅक्टर तयार होतात. जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरना धुराचे नवे निकष लागले, आणि ते पाळायचे तर इंजिनाला संगणक लागतो. ट्रॅक्टर आवाजावरून ओळखणाऱ्या आपल्या मिस्त्रींपुढे उद्या हाच प्रश्न येणार आहे. अमेरिकेतले शेतकरी जॉन डिअरशी यावरूनच भांडतायत, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने कंपनीला कोर्टात खेचलं. ऐन पेरणीत बंद पडलेल्या ट्रॅक्टरवर हे शिकायला बसता येत नाही. पन्नास रुपयांच्या भंगार कॅमेऱ्यावर येतं.

म्हणून मागणं असं. यशवंतराव चव्हाण, रायसोनी, प्रियदर्शिनी, सगळी कॉलेजं एका रस्त्यावर आहेत. येत्या १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, हार-तुरे आणि विश्वेश्वरय्यांच्या फोटोची पूजा झाली की गेटजवळ एक टेबल मांडा आणि लोकांकडून जुने कॅमेरे, राउटर, बंद पडलेले वायफाय कॅमेरे घ्या. पावती द्या, आणि आतले फोटो मालकाला परत करा, त्यात कुणाच्या तरी आजोबांचा शेवटचा फोटो असेल. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला दरवर्षी त्याच त्या ब्लिंकिंग एलईडी आणि ऑटोमॅटिक गेटच्या फाइली बांधल्या जातात. त्याऐवजी एक गट एका यंत्राचं फर्मवेअर घेऊन बसू दे. नाही उघडलं तरी चालेल, कुठे अडलं ते लिहून काढा, पुढच्या बॅचला द्या. प्राध्यापकांनी मार्क द्यावेत. सीएचडीके, ओपनडब्ल्यूआरटी आणि कंपन्यांनी आज दिलेल्या अपडेटच्या फाइली कॉलेजच्या सर्व्हरवर उतरवून ठेवा, कारण कंपनी मॉडेल बंद करते आणि काही वर्षांनी फाइलही काढून टाकते. आणि हा सगळा अनुभव घेऊन एक निवेदन ग्राहक व्यवहार खात्याला जाऊ दे, मराठीत आणि सोबत इंग्रजीत.

एक-दोन यंत्रं मरतील. कॅमेरा उघडताना फ्लॅशच्या कपॅसिटरला हात लावू नका, सेल काढल्यावरही तो सणसणीत झटका देतो. राउटरवर चुकीची फाइल चढली तर त्याची वीट होते, तेव्हा घरातल्या चालू राउटरवर पहिला प्रयोग नको. दवाखान्यातली यंत्रं, गाडीचे ब्रेक असल्या गोष्टींच्या वाटेला जाऊ नका, तिथल्या कुलपांना वेगळी कारणं आहेत.

ज्यांच्या घरी पॉवरशॉट आहे त्यांनी तो टेबलावर देताना मॉडेलचा नंबर चिठ्ठीवर लिहून द्यावा. तो बुडाशी असतो. फर्मवेअरची आवृत्ती पोरं काढतील: कार्डावर ठरावीक नावाची एक रिकामी फाइल टाकून दोन बटणं एकदम दाबली की कॅमेरा ती स्वतःच दाखवतो, आणि त्याच आवृत्तीचं सीएचडीके लागतं, जवळपासचं चालत नाही. चार्जर सापडत नसेल तरी हरकत नाही, पण चार जीबीचं किंवा त्याहून लहान मेमरी कार्ड कुठे सापडलं तर ते सोबत नक्की द्या. मोठ्या कार्डावर हे जुने कॅमेरे अडतात, आणि तेवढं लहान कार्ड आता बर्डीवरही मागून मिळत नाही.